त्यांचा स्वभावच तसा

सौंसरच्या बाजारात भाजी घेताना एखाद्या माणसाने पिशवीसाठी हात पुढे केला आणि त्याच्या तळहातावर निळ्या पेनने ‘बी पॉझिटिव्ह’ लिहिलेलं दिसलं, की मला कळायचं, हा आमच्या दवाखान्यातून आलेला आहे. बायको बाळंतपणाला भरती आहे आणि मोठ्या सिस्टरांनी याला पकडला आहे.

त्यांचा नियम होता. बायकोचा रक्तगट पाठ असल्याशिवाय कोणत्याही नवऱ्याला लेबर रूमच्या व्हरांड्यात पाय ठेवता येत नसे.

“बायकोचं रक्त कोणतं?”

“चांगलंच असन नं, बाई.”

“अन् मोटरसायकलीत तेल कोणतं पडते?”

तो तेलाचं नाव नंबरासकट सांगायचा.

“ते बराबर पाठ आहे. जाय, फाइलीत पाहून ये. हातावर लिही. तोंडपाठ झालं की मंग ये.”

एकदा एका सरपंचालाही त्यांनी फाटकापाशी उभं ठेवलं होतं. तो डॉक्टरांकडे तक्रार घेऊन गेला. डॉक्टर हसले आणि म्हणाले, “जाऊ द्या, त्यांचा स्वभावच तसा आहे.” सरपंच हातावर लिहून परत आला.

आमचा दवाखाना मध्य प्रदेशातल्या सौंसर तहसिलीतल्या एका मोठ्या गावातला. तीन नर्सा, एक डॉक्टर, एक आया. मी तिथे लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते, पांढुर्ण्याहून आलेली, आणि मोठ्या सिस्टर पंचेचाळिशीच्या पुढे. लग्न केलेलं नव्हतं. एक भाऊ मोहगावला संत्र्याची बाग करायचा. त्या मात्र दवाखान्याच्या मागच्या क्वार्टरमध्ये एकट्याच राहायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नावही विचारलं नाही. माझी बोटं हातात घेतली, नखं पाहिली आणि म्हणाल्या, “चालते.”

खुर्चीवर त्या कधी बसत नसत. बाळंतिणीच्या टेबलाजवळ प्लास्टिकची बादली उपडी टाकायची आणि तिच्यावर बसायचं. मी खुर्ची दिली तर म्हणायच्या, “खुर्चीत पाठ टेकते वं. पाठ टेकली की झोप लागते. मले नाई पायजे.” हंगामात त्यांच्या एप्रनच्या खिशात संत्र्याची सालं असायची. कळा सुरू झालेल्या बाईच्या मुठीत त्या एक साल द्यायच्या आणि सांगायच्या, “कळ आली की याले नख मार. वास घे. माह्या हाताले नख नको मारू, माह्ये दोनच हात आहेत.” खोलीत रक्ताचा, फिनाइलचा आणि संत्र्याचा एकत्र वास यायचा. मला आजही संत्रं सोललं की लेबर रूम आठवते. म्हणून मी सोलत नाही, घरची माणसं सोलून देतात.

मूल जन्माला आलं, रडलं, पुसून झालं, की त्या त्याला दोन्ही हातांवर धरून उजेडाकडे न्यायच्या आणि माहिती द्यायच्या. “तू बोरगावचा. आज बुधवार आहे. लाइट गेलेली आहे, ते येईन. तुह्या मायनं लय मेहनत केली, ध्यानात ठेवजो.” मूल मुलगी असेल तर आवाज थोडा मोठा करायच्या, बाहेर बसलेल्यांना ऐकू जावा इतका. डॉक्टर बदलून यायचे-जायचे, त्या सगळ्यांना तोंडावर ‘बेटा’ म्हणायच्या. नवीन डॉक्टर आधी रागवायचे, मग महिन्याभरात त्यांनाच विचारून औषध लिहायचे.

माझी मुलगीही त्यांच्याच हातावर झाली. माझ्या नवऱ्याला फाटकात अर्धा तास उभं ठेवलं होतं. मुलीला त्यांनी सांगितलं, “तू नर्सची पोरगी. आज मंगळवार. तुह्या मायले सहा महिने छुट्टी आहे, तवरच तिले सतावून घे.”

मी हे सगळं सांगते आहे, कारण नंतर जे झालं ते आम्हाला दिसलं कसं नाही, असं लोक विचारतात. वेगळ्या माणसाचं वेगळं वागणं कोणाच्या डोळ्यावर येत नाही. आम्हाला त्यांची सवय होती.

पांढुर्णा जिल्हा झाला आणि तिकडे माणसं लागली. आमची तिसरी सिस्टर तिकडे गेली. तिच्या जागी कोणी येणार होतं, ते आलं नाही. तिघींची ड्यूटी आम्ही दोघी वाटून घेऊ लागलो. त्यात जे रजिस्टरमध्ये लिहायचं तेच मोबाइलमध्येही भरायचं आलं. मोठ्या सिस्टरांना मोबाइलचं जमत नसे. त्या नाकाजवळ फोन धरून एकेक अक्षर शोधायच्या आणि मध्येच कोणी कळा देत ओरडलं की भरलेलं सगळं उडून जायचं. मी म्हणायचे, “द्या सिस्टर, मी भरते.” पण माझंही मला पुरत नव्हतं.

त्याच हिवाळ्यात बोरगावकडची एक बाई आली. दुसरं बाळंतपण. तिच्या नवऱ्याच्या हातावर लिहायची गरजच पडली नाही. सिस्टरांनी विचारायच्या आधीच त्याने सांगितलं, “ओ निगेटिव्ह. पहिल्या टायमाले तुम्हीच पाठ करून घेतलं होतं, बाई.” सिस्टर इतक्या खूश झाल्या की त्याला त्यांनी आयाकडून चहा दिला.

दुपारी एक वाजता मुलगा झाला. दीड वाजता बाईचं रक्त जाऊ लागलं. मी तिथेच होते. सिस्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. इंजेक्शन दिलं, सलाइन लावली, पोटावर हात दाबून धरला. डॉक्टर आले. आमच्याकडे रक्त मिळत नाही, नागपूरला न्यावं लागणार होतं. गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली होती, ती यायला पाऊण तास लागला. तो पाऊण तास सिस्टर बादलीवरून उठल्या नाहीत. गाडीतही त्याच बसल्या. महाराष्ट्राची हद्द लागून थोडं पुढे गेल्यावर बाई गेली.

चौकशी झाली. कोणाची चूक निघाली नाही. पण चौकशीसाठी सिस्टरांना लिहून द्यायचं होतं, कोणत्या मिनिटाला काय केलं. तो कागद त्यांनी सात वेळा लिहिला. दर वेळी एखादं मिनिट इकडचं तिकडे व्हायचं आणि त्या फाडून टाकायच्या. मी म्हटलं, “सिस्टर, एका मिनिटानं काय फरक पडते?” त्या म्हणाल्या, “तिले पडला नं.”

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो नवरा आला. गाडीत बायकोच्या अंगावर टाकलेलं दवाखान्याचं ब्लँकेट त्याच्याकडे राहिलं होतं. ते धुऊन, वाळवून, घडी करून आणलं होतं. सिस्टरांच्या हातात देऊन म्हणाला, “डाग निंगाले, बाई. दोनदा धुतलं.” आणि नमस्कार करून गेला. ना भांडला, ना काही विचारलं. तो भांडला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं आहे. सिस्टर ते ब्लँकेट छातीशी धरून व्हरांड्यात किती तरी वेळ उभ्या होत्या. आयाने हाक मारली तेव्हा दचकल्या.

त्यानंतर त्या जास्तच हात धुऊ लागल्या. नर्सचे हात धुवायचेच असतात, म्हणून कोणी काही म्हटलं नाही. कोपरापर्यंत कातडी फुटली, तिच्यातून रक्त यायचं, तरी त्या धुवायच्या. रात्री झोपायला घरी गेलेल्या परत येऊन ऑक्सिजनचा सिलिंडर पाहून जायच्या. मग पुन्हा यायच्या. डबा उघडायच्या, झाकायच्या आणि दवाखान्यामागच्या कुत्रीला घालायच्या. मी विचारलं, “जेवल्या काय, सिस्टर?” तर म्हणाल्या, “गळ्याखाली उतरूनच नाई राहिलं वं. कुत्रीचं उतरते.” आया हसली. मीही हसले. त्या नेहमीच असं काहीतरी बोलायच्या.

चैत्रात, जेव्हा आमच्याकडे सकाळी नऊला पंखा लागतो, त्या स्वेटर घालून आल्या. डॉक्टर म्हणाले, “काय सिस्टर, काश्मीरला निघाल्या काय?” कोणी काही विचारलं तर त्यांचं उत्तर यायला वेळ लागायचा, जणू प्रश्न लांबून चालत त्यांच्यापर्यंत यायचा. औषधाच्या कपाटासमोर जाऊन उभ्या राहायच्या आणि कशासाठी आलो ते विसरायच्या. एकदा पेनचं टोपण सापडेना म्हणून आयावर इतक्या ओरडल्या की ती रडली, आणि मग ती रडते हे पाहून स्वतःच भिंतीकडे तोंड करून रडल्या. एकदा त्यांनी माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. “पाय बरं, कसं धडधडून राहिलं. कोणी बसल्यासारखं वाटते इथी.” मी बीपी मोजलं. वाढलेलं होतं. मी सांगितलं, “थोडं जास्त आहे, सिस्टर. मीठ कमी करा.”

मीठ कमी करा. नर्स होऊन नऊ वर्षं झाली होती मला तेव्हा.

आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की त्या मुलांशी बोलत नाहीत. मूल पुसायचं, गुंडाळायचं, माझ्या हातात द्यायचं आणि हात धुवायला जायचं. केव्हापासून, तेही मला सांगता येत नव्हतं. मी त्यांना आठवण करून दिली. “याले वार नाई सांगितला, सिस्टर?” त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “आज कोणता वार आहे?” चेष्टा असेल असं मला वाटलं. ती चेष्टा नव्हती.

त्याच दिवसांत मला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला पांढुर्ण्याला पाठवलं. विषय होता, बाळंतिणींमधला तीव्र ताण कसा ओळखायचा. शिकवायला आलेल्या मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी लक्षणं फळ्यावर लिहिली. झोप उडणं. अन्न न जाणं. दचकणं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासणं. छाती धडधडणं. विसरणं. राग आणि रडणं एकामागे एक येणं. आवडीच्या गोष्टी सुटणं. स्वतःला दोषी मानणं. मग म्हणाल्या, “तुमच्या ओळखीचं कोणी आठवा आणि कागदावर खुणा करा. नाव लिहू नका.” मी बाळंतीण आठवायचा प्रयत्न केला. पण पेन आपोआप चालत गेलं आणि मी नऊपैकी नऊ लक्षणांवर खूण केली. मॅडमनी कागद पाहिला. “ही कोण आहे तुझी?” मी म्हटलं, “गावातली आहे एक.” त्या म्हणाल्या, “हिला एकटी सोडू नका. हिच्या घरच्यांशी आजच बोला.”

बसमध्ये मी ठरवलं की सकाळी डॉक्टरांना सांगायचं. सिस्टरांना सुटी द्या, भावाला बोलवा, नागपूरला दाखवा.

सकाळी डॉक्टर पुढच्या पंधरवड्याचा ड्यूटी चार्ट करत बसले होते. मी समोर उभी राहिले. ते म्हणाले, “बोला. तुमच्या भावाचं लग्न आहे ना? आठ दिवस धरले आहेत तुमचे. मोठ्या सिस्टर सांभाळून घेईन म्हणाल्या. आणखी काही?”

मी काय विचार केला ते मला नीट आठवतं, त्यात मला सूट नाही. सिस्टर सुटीवर गेल्या तर माझे आठ दिवस गेले. घरात एकच भाऊ. आईने माझ्याशिवाय काही ठरवलं नव्हतं. आणि लग्नानंतरही महिनोन्‌महिने दवाखान्यात मी एकटी. मी मनात म्हटलं, लग्न झालं की सांगू. आठ दिवसांनी काय होते?

“आणखी काही नाही, सर,” मी म्हटलं.

लग्नाच्या आठ दिवसांत मी पांढुर्ण्याहून, माहेरून, त्यांना दोन फोन केले. दोन्ही वेळा त्यांनी “सगळं बराबर आहे” एवढंच सांगितलं. दुसऱ्या वेळी मी विचारलं, “झोपल्या काय?” त्या म्हणाल्या, “तू नाच तिकडे.” मला बरं वाटलं. वाटलं, जुन्या सिस्टर परत आल्या.

आठव्या दिवशी दुपारी, पाहुणे पांगत असताना, आयाचा फोन आला. सिस्टर सकाळची ड्यूटी अर्धी टाकून कुठेतरी गेल्या. क्वार्टर उघडंच आहे. लेबर रूमला कुलूप आहे आणि किल्ली त्यांच्याजवळ आहे. एका बाईला कळा सुरू आहेत, तिला व्हरांड्यात खाटेवर ठेवलं आहे. “कोणी सांगते, पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसल्या म्हणून.”

मी आणि माझा नवरा मोटरसायकलीने आधी बस स्टँडवर गेलो. तिथे नव्हत्या. मग स्टेशनवर. नागपूरहून इटारसीकडे जाणारी गाडी नुकतीच येऊन उभी होती. प्लॅटफॉर्मवर एका ठिकाणी माणसं थांबून हसत होती. एका मुलीने मोबाइल वर धरला होता. चहावाला मला म्हणाला, “ते पांढऱ्या साडीतली नर्सबाई पाहून राहिल्या काय? दोन गाड्या झाल्या, उतरणाऱ्या माणसायले रक्त इचारून राहिली.”

त्या अनवाणी होत्या. युनिफॉर्मची साडी नीट नेसलेली, केस बांधलेले, कोपरापर्यंत हात लाल. डब्यातून उतरणाऱ्या प्रत्येक माणसाचा दंड धरून त्या विचारत होत्या, “तुह्यं कोणतं रक्त?” कोणी सांगायचं, कोणी हात सोडवून घ्यायचं. त्या सगळ्यांना म्हणायच्या, “ते नाई चालत. जाय.” एक म्हातारा त्यांच्याशी हात जोडून बोलला, तेव्हा त्यांनीही हात जोडले.

मी जवळ जाऊन दंडाला हात लावला. “सिस्टर, चला.”

त्यांनी मला ओळखलं. “तू आली काय? बरं झालं. माह्या हातानं दाबून ठेवून ठेवून आता जमून नाई राहिलं. तू धर. मी रक्त पायतो.”

“सिस्टर, ते बाई गेली. हिवाळ्यातच गेली.”

“हो,” त्या शांतपणे म्हणाल्या. “गाडी येऊन राहिली.”

माझ्या नवऱ्याने आपल्या चपला काढून त्यांच्या पायात घातल्या. त्यांच्या मुठीतली किल्ली काढायला मला जोर लावावा लागला.

मोहगावहून त्यांचा भाऊ आला आणि आम्ही त्यांना नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी त्यांना तपासलं, मग भावाला विचारलं, “हे कधीपासून आहे?” भाऊ माझ्याकडे वळला. “मी तं दिवाळीनंतर भेटलोच नाई. ह्या सोबत असतात. ह्यायले इचारा.” डॉक्टरांनी पेन कागदावर टेकवून माझ्याकडे पाहिलं.

“एक-दोन आठवड्यांपासून असेल,” मी म्हटलं.

चार महिने झाले होते. डॉक्टरांनी मी सांगितलं ते लिहून घेतलं.

आता त्या मोहगावला भावाकडे असतात. नोकरीवर परत येणार नाहीत. सुटीचा एक अर्ज, मग दुसरा, मग स्वतःहून निवृत्तीचा. आमच्याकडे त्यांच्या जागी एक मुलगी आली आहे. हुशार आहे, मोबाइलमध्ये भराभर भरते. नवऱ्यांना कोणी अडवत नाही.

मी गेल्या महिन्यात त्यांना भेटायला गेले. बरं म्हणावं असं सगळं आहे. जेवतात, झोपतात, हाताची कातडी भरून आली आहे. त्यांची वहिनी म्हणाली, “काहीच तरास नाई त्यायचा. बसवलं तिथी बसतात.” त्या परसात खुर्चीवर बसल्या होत्या, पाठ टेकून. मला म्हणाल्या, “बसा.” त्यांनी मला आयुष्यात कधी ‘बसा’ म्हटलं नव्हतं. मी माझ्या मुलीबद्दल सांगितलं, नव्या डॉक्टरबद्दल सांगितलं. त्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या, सारख्याच अंतराने. औषधांनी त्यांची भीती नेली, आणि तिच्यासोबत बाकीचंही नेलं, असं मला वाटत राहिलं. त्यांनी कोणाला तरी ओरडावं म्हणून मी वाट पाहत होते. वहिनीने चहा सांडला, तरी त्या काही बोलल्या नाहीत.

वहिनी आत गेल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, “एक इचारू काय?”

“विचारा नं, सिस्टर.”

“तवा, ते चार महिने, तुले दिसलं होतं काय वं? माह्यं?”

त्या सरळ माझ्याकडे पाहत होत्या. एवढा वेळ नव्हतं ते डोळ्यांत होतं. पूर्वी टेबलावरच्या बाईला “खरं सांग, कळ कुठी येऊन राहिली” विचारताना पाहायच्या, तसं. नऊ खुणा केलेला तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. मी म्हटलं, “नाही, सिस्टर. काहीच नाही दिसलं.”

त्यांनी श्वास सोडला. कितीतरी वेळ धरून ठेवलेला असावा तसा.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “मले वाटे, सगळ्यायले दिसून राहिलं, अन् कोणीच बोलून नाई राहिलं. तेच लय लागे.” आणि मग माझ्या हातावर हात ठेवला. “तुले दिसलं असतं तं तू बोललीच असती. म्या शिकवलेली आहे नं तू.”

मी चहा संपवला. बस सुटेल म्हणून उठले. बसला अजून दीड तास होता.